पुलावर कोरलेला गुणाकार

माझी भाची यंदा बारावीला आहे. मागच्या महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली होती. एका संध्याकाळी वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मामू, दोन बाणांचा गुणाकार केला की तिसरा बाण तयार होतो. तो या बाणाकडे जात नाही, त्या बाणाकडेही जात नाही. दोघांना काटकोन करून सरळ वर उभा राहतो. असं का?"

आता मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. पण हा प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला. अकरावी-बारावी मी विज्ञान शाखेत काढली होती आणि नेमकं हेच मी वर्गात उभं राहून विचारलं होतं. उत्तर मिळालं ते असं : उजव्या हाताची बोटं वळव, अंगठा वर कर, अंगठा दाखवील ती दिशा. का ते विचारू नकोस, पाठ कर. मी पाठ केलं, मार्कही मिळाले, आणि पुढच्या वर्षी मुकाट्याने कला शाखेत जाऊन बसलो. भाचीलाही तेच उत्तर देणं माझ्या जिवावर आलं. शिवाय आमच्या घरात दोन गुंठ्यांवरून झालेला एक जुना तंटा आहे आणि त्याचाही या गुणाकाराशी संबंध आहे, हे मला पुढे वाचताना कळलं. ते नंतर सांगतो. आधी हा गुणाकार आला कुठून ते पाहू.

ज्या राशीला आकारमानाबरोबर दिशाही असते तिला आपल्याकडे पाठ्यपुस्तकांत सदिश म्हणतात. वारा, वेग, ढकलणं, ओढणं ही सगळी सदिशं. बेरीज करणं सोपं आहे. पाच पावलं पूर्वेला आणि मग तीन पावलं उत्तरेला चाललं की आपण कुठे पोचलो ते लहान मूलही दाखवील. पण पूर्वेला उत्तरेने गुणायचं म्हणजे काय करायचं? या प्रश्नापायी डब्लिनच्या एका माणसाने अनेक वर्षं घालवली.

त्याचं नाव विल्यम रोवन हॅमिल्टन. जन्म १८०५ सालचा. लहानपणी तो ट्रिम नावाच्या गावी काकांकडे वाढला. काकांना भाषांचा नाद होता आणि पुतण्याला त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू यांच्यासोबत अरबी, फारसी आणि संस्कृतही शिकवायला सुरुवात केली. त्या काळी कंपनी सरकारच्या नोकरीमुळे या भाषांना भाव होता. चौदाव्या वर्षी या पोराने डब्लिनला आलेल्या इराणच्या वकिलासाठी फारसीत स्वागताचा मजकूर लिहिला. आमच्या घरी आजोबांच्या पिढीपर्यंत फारसीचे चार शब्द पत्राच्या मायन्यात असायचे, त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला हा गणिती एकदम घरचाच वाटायला लागला.

हॅमिल्टनला कवी व्हायचं होतं. वर्डस्वर्थशी त्याची चांगली मैत्री जमली. तो त्याला कविता पाठवायचा. वर्डस्वर्थने मोठ्या नाजूकपणे त्याला सुचवलं की, बाबा रे, कवितेलाही मेहनत आणि कसब लागतं, आणि तुझी खरी ताकद विज्ञानात आहे. मी पुष्कळ संपादकांची नकारपत्रं पाहिली आहेत. इतकं उपयोगी पडलेलं दुसरं आठवत नाही. १८२७ साली, पदवीची परीक्षा व्हायच्या आधीच, बाविसाव्या वर्षी हॅमिल्टन डब्लिनमध्ये खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि डन्सिंकच्या वेधशाळेत राहायला गेला. पुढचं सगळं आयुष्य त्याने तिथे काढलं.

कागदाच्या सपाट पृष्ठावरचे बाण कसे गुणायचे हे तोपर्यंत माहीत झालं होतं. तिथे प्रत्येक बाण दोन आकड्यांनी लिहिता येतो. हॅमिल्टनला वाटलं, आपण राहतो ते जग लांबी, रुंदी, उंचीचं. मग तीन आकड्यांची त्रिकुटं का गुणता येऊ नयेत? १८४३च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो रोज सकाळी नाश्त्याला खाली आला की त्याची मुलं विचारायची, बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का? आणि तो मान हलवून सांगायचा, नाही रे, अजून नुसती बेरीज-वजाबाकीच येते. ही आठवण त्याने स्वतःच पुढे १८६५मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, मुलाला लिहिलेल्या पत्रात सांगितली आहे.

जमत का नव्हतं? त्याची अट अशी होती की दोन बाणांच्या लांबींचा गुणाकार केला की गुणाकाराच्या बाणाची लांबी यावी. अट रास्त होती, पण आकडे ऐकेनात. एक उदाहरण घ्या. ३ म्हणजे १ अधिक १ अधिक १, तीन वर्गांची बेरीज. २१ म्हणजे १६ अधिक ४ अधिक १, हीसुद्धा तीन वर्गांची बेरीज. या दोघांचा गुणाकार ६३. आता ६३ हा आकडा तीन पूर्ण वर्गांची बेरीज करून बनवून दाखवा. कितीही खटपट करा, बनत नाही. चौथा वर्ग घेतला की मात्र झटक्यात बनतो : ४९ अधिक ९ अधिक ४ अधिक १. म्हणजे त्रिकुटाने भागत नाही, चौकडी लागते.

१६ ऑक्टोबर १८४३, सोमवार. हॅमिल्टनला रॉयल आयरिश अकादमीच्या सभेचं अध्यक्षस्थान घ्यायचं होतं. पत्नी हेलनसोबत तो रॉयल कालव्याच्या काठाने चालत निघाला होता. ती मधूनमधून काही बोलत होती. याचं अर्धं लक्ष तिच्याकडे आणि अर्धं डोक्यात. ब्रूम पुलाजवळ आले आणि चौकडीची किल्ली सापडली. त्याने तिथल्या तिथे खिशातल्या वहीत ती टिपली आणि मग चाकू काढून पुलाच्या दगडावर कोरली : आय वर्ग, जे वर्ग, के वर्ग आणि आय-जे-के यांचा गुणाकार, सगळे सारखे, आणि सगळे उणे एक. कोरलेली ती अक्षरं पावसापाण्याने केव्हाच पुसून गेली. १९५८ साली तिथे एक शिलालेख बसवला गेला. त्याचं अनावरण केलं एमन डी व्हॅलेरा यांनी. ते आयर्लंडचे पंतप्रधान होते आणि त्याआधी गणिताचे शिक्षक.

या सूत्रात आय, जे आणि के म्हणजे एकमेकांना काटकोन करणाऱ्या तीन दिशा. आय गुणिले जे म्हणजे के. पण जे गुणिले आय म्हणजे उणे के. क्रम बदलला की उत्तर उलटं. तीन गुणिले पाच आणि पाच गुणिले तीन सारखेच असतात हे आपण पहिली-दुसरीपासून धरून चालतो. हॅमिल्टनने तो नियमच सोडून दिला आणि तरीही गणित कोसळलं नाही. यात खोटं काही नाही, हे घरी करून पाहता येतं. एक पुस्तक टेबलावर उताणं ठेवा. आधी ते जागच्या जागी उजवीकडे पाव फेरा वळवा, मग तुमच्याकडची कड तशीच ठेवून पलीकडची कड उचलून उभं करा. आता पुन्हा पहिल्यापासून : आधी उभं करा, मग जागच्या जागी वळवा. पुस्तक दोन्ही वेळा वेगळ्याच तोंडाने उभं राहील. फिरवण्याच्या क्रियांना क्रम असतो. कवीला हे समजावून सांगायची गरज नसते. ओळीतले दोन शब्द जागा बदलून पाहिले की काय होतं ते त्याला ठाऊक असतं.

हॅमिल्टनने या चौकडीला क्वाटर्निअन असं नाव दिलं. दोन साधे बाण तिच्या रीतीने गुणले की उत्तरात दोन तुकडे येतात. एक नुसता आकडा, आणि एक बाण, जो दोघांना काटकोन करून उभा राहतो. भाची ज्या गुणाकाराबद्दल विचारत होती तो म्हणजे हा दुसरा तुकडा. त्याचे घटक कसे काढायचे ती सूत्रं त्याआधी १७७३ साली लाग्रांजने पिरॅमिडच्या आकाराचा अभ्यास करताना लिहिली होती, पण त्याला गुणाकार म्हणायचं त्याच्या मनात आलं नव्हतं.

इथे मला एका शाळामास्तराबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज पोलंडमध्ये असलेलं श्चेचिन हे शहर तेव्हा जर्मन होतं, नाव स्टेटिन. तिथे हेरमान ग्रासमान नावाचे शिक्षक होते. अकरा मुलांचे बाप. हॅमिल्टनने पूल कोरला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४४ साली, त्यांनी बाणांच्या गुणाकारावर एक ग्रंथ छापला. डब्लिनमध्ये काय झालं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा रस्ताही वेगळा होता. त्यांनी दोन बाण घेतले आणि म्हटलं, यांचा गुणाकार म्हणजे या दोघांमध्ये पसरलेली तिरकी चौकट. जणू दोन काठ्यांच्या मध्ये अंथरलेली चटई. हे वाचलं तेव्हा मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. चटई अंथरली की तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते कसं सांगाल? चटईवरच्या कुठल्याही दिशेने ते सांगता येत नाही, कारण तिथल्या सगळ्या दिशा सारख्याच. चटईवर एक काठी सरळ उभी केली की मात्र एका काठीत काम होतं. तो उभा बाण म्हणजे त्या चटईचा पत्ता. चटई जितकी मोठी तितकी त्याची लांबी, आणि चटई जिकडे तोंड करून आहे तिकडे त्याची दिशा. दोन्ही बाण एकाच रेषेत आले तर चटईच उरत नाही, म्हणून गुणाकार शून्य.

आणि ती काठी चटईच्या वर उभी करायची की खाली, ते मात्र माणसांनी ठरवलं. मॅक्सवेलने १८७३च्या आपल्या ग्रंथात उजव्या आट्यांच्या स्क्रूची रीत घेतली आणि तीच रूढ झाली. वर्गात मला सांगितलेला अंगठा तो हाच. सायकलच्या दुकानात पान्याने नट आवळताना नट ज्या दिशेने पुढे सरकतो तीच दिशा. रूढी आहे एवढंच जरी कोणी सांगितलं असतं तरी माझं समाधान झालं असतं.

ग्रासमान यांच्या ग्रंथाचं काय झालं ऐका. तो कोणी विकत घेतला नाही. पुढे १८७६मध्ये प्रकाशकाने त्यांना कळवलं की सुमारे ६०० प्रती १८६४ साली रद्दीत काढल्या आणि उरलेल्या थोड्या आता संपल्या. ग्रासमान यांना विद्यापीठात जागा मिळाली नाही, ते शेवटपर्यंत शाळेतच शिकवत राहिले. मधल्या काळात ते संस्कृतकडे वळले. ऋग्वेदाचा एक मोठा शब्दकोश त्यांनी तयार केला, तो १८७३ ते १८७५ या काळात निघाला. त्यानंतर संपूर्ण ऋग्वेदाचा जर्मन अनुवादही प्रसिद्ध केला. त्यांना सन्मानाची डॉक्टरेट मिळाली ती या भाषेच्या कामासाठी. १८७७ साली ते गेले. त्यांचा तो कोश वेदाच्या अभ्यासकांना आजही लागतो. माझं मत विचाराल तर या सगळ्या मंडळींत सर्वांत खोल पाहिलं ते याच माणसाने. त्यांनी चटईला चटईच राहू दिलं, म्हणून त्यांची रीत कितीही मितींत चालते. उभ्या काठीची युक्ती आपल्या तीन मितींच्या जगात चपखल बसते. चौथी मिती आली की चटईवर काठी उभी करायला एकाहून जास्त दिशा सापडतात आणि पत्ता चुकतो.

आता अमेरिकेकडे वळू. येल विद्यापीठात जोसाया विलर्ड गिब्ज नावाचे प्राध्यापक होते. त्यांचे वडील भाषातज्ज्ञ. १८३९ साली आमिस्ताद जहाजावरच्या कैद आफ्रिकी माणसांची भाषा कोणालाच कळत नव्हती, तेव्हा हे वडील त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकले आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ते मोठ्याने म्हणत फिरले. शेवटी ते आकडे ओळखणारा एक खलाशी सापडला आणि त्या कैद्यांना कोर्टात आपली बाजू मांडता आली. मुलगा मात्र अबोल. १८७१मध्ये प्राध्यापक झाला आणि सुमारे नऊ वर्षं विनापगार शिकवत राहिला. गिब्ज यांनी मॅक्सवेलचा विजेवरचा ग्रंथ वाचला, त्यात क्वाटर्निअन होते. त्यांच्या लक्षात आलं की भौतिकशास्त्राला दोन्ही तुकडे हवे असतात, पण वेगवेगळे. म्हणून त्यांनी चौकडी मोडली आणि दोन स्वतंत्र गुणाकार केले. एकाला टिंबाची खूण, दुसऱ्याला फुलीची. १८८१ आणि १८८४ साली विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका त्यांनी दोन भागांत स्वखर्चाने छापून घेतली.

तिकडे इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेव्हिसाइड हा माणूस स्वतंत्रपणे इथेच पोचला. तो तारखात्यात काम करायचा, ऐकू कमी यायचं, चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून आईवडिलांच्या घरी बसून अभ्यास करायला लागला. मॅक्सवेलच्या वीस समीकरणांचा पसारा त्याने या नव्या रीतीने चार ओळींत आणला. आपल्या घरातला पंखा फिरतो तो या फुलीच्या गुणाकारामुळेच : तारेतली वीज एका दिशेने, चुंबकाचं क्षेत्र दुसऱ्या दिशेने, आणि धक्का या दोघांना काटकोनात.

यावरून भांडण पेटलं. एडिंबरोचे प्राध्यापक पीटर टेट हे हॅमिल्टनचे कट्टर अनुयायी. त्यांनी १८९० साली आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत गिब्ज यांच्या रीतीला दोन जातींचे अवयव जोडून केलेलं विद्रूप जनावर ठरवलं. पुढची चार वर्षं 'नेचर'सारख्या नियतकालिकांतून पत्रांवर पत्रं झडत होती. गिब्ज शांतपणे उत्तरं द्यायचे, हेव्हिसाइड चिमटे काढायचा. गंमत अशी की टेट यांचा मुलगा नामांकित गोल्फ खेळाडू होता आणि स्वतः टेट यांनी त्याच वर्षांत गोल्फचा चेंडू हवेत इतका वेळ कसा टिकतो याचा शोध घेतला. कारण निघालं चेंडूची उलटी फिरकी. फिरकीची दिशा आणि वेगाची दिशा, यांना काटकोनात चेंडू उचलला जातो. म्हणजे पुन्हा तोच फुलीचा गुणाकार. आपल्या क्रिकेटमधला फिरकीचा चेंडू हवेत सरकतो तोही याच नियमाने.

१९०१ साली गिब्ज यांचा विद्यार्थी एडविन विल्सन याने गुरूच्या व्याख्यानांवरून पाठ्यपुस्तक लिहिलं. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. 'डॉट' आणि 'क्रॉस' ही नावं त्या पुस्तकातून जगभर गेली आणि वाद संपला.

गुणाकार प्रत्यक्षात कसा करायचा तेही सांगतो, कारण भाचीने तो मला शिकवला आहे. एक बाण १, २, ३ आणि दुसरा ४, ५, ६ असा घ्या. उत्तराचा पहिला आकडा काढताना दोन्ही बाणांचे पहिले आकडे झाकायचे आणि उरलेल्यांचा तिरका गुणाकार करून वजाबाकी करायची : २ गुणिले ६, वजा ३ गुणिले ५. उत्तर उणे ३. दुसरा आकडा काढताना मधले झाकायचे, पण वजाबाकीचा क्रम उलटा, मुलं चुकतात ती इथेच : ३ गुणिले ४, वजा १ गुणिले ६. उत्तर ६. तिसरा : १ गुणिले ५, वजा २ गुणिले ४. उत्तर उणे ३. झाला बाण उणे ३, ६, उणे ३. पडताळा पाहायचा असेल तर त्याला पहिल्या बाणाशी टिंबाने गुणा, म्हणजे आकड्याला आकडा गुणून बेरीज करा : उणे ३, अधिक १२, उणे ९. शून्य. म्हणजे काटकोन बरोबर.

आता ते दोन गुंठे. आजोबांच्या पश्चात अब्बा आणि चाचा यांची वाटणी झाली. दोघांनाही मळ्यात कागदोपत्री १९-१९ गुंठे. चाचांचा तुकडा सरळ चौकोनी, अब्बांचा तिरका. चाचांनी एक दिवस दोरी धरून अब्बांच्या तुकड्याच्या दोन बाजू मोजल्या. एक १६८ फूट, दुसरी १३६ फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. गुणाकार करून भागाकार केला तर २१ गुंठे भरले. चाचांची खात्री पटली की थोरल्याने मोजणीवाल्याला हाताशी धरून दोन गुंठे जास्त घेतले. अब्बा एवढंच म्हणायचे की मोजणी शंकू-साखळीने झाली आहे, सरकारी आहे. पण २१चे १९ कसे झाले हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. पुढे कित्येक ईदांना चाचा आमच्या घरी आले नाहीत. आज दोघेही हयात नाहीत.

मोजणीचा जुना नकाशा ट्रंकेत होता, तो मी भाचीसमोर ठेवला. आमच्याकडची साखळी ३३ फुटांची, म्हणून साखळीला साखळी गुणली की थेट गुंठे येतात. एका कोपऱ्यावरून पहिला बांध पूर्वेला ५ साखळ्या आणि उत्तरेला १ साखळी जातो. दुसरा बांध पूर्वेला १ आणि उत्तरेला ४. भाचीने फुली मारली : ५ गुणिले ४ म्हणजे २०, त्यातून १ गुणिले १ वजा. १९.

बाजूंची लांबी चाचांनी बरोबर मोजली होती. अब्बांचा कागदही बरोबर होता. तिरक्या चटईच्या बाजू नुसत्या गुणल्या की क्षेत्र जास्त भरतं, एवढीच त्यात चूक होती.

मी चुलतभावाला फोन लावून हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाईजान, तो हिशेब एका कागदावर नीट लिहून पाठवा. आकृतीसकट." भाचीने त्याच रात्री लिहून दिला. लिहिताना तिने गंमत म्हणून बांधांचा क्रम बदलून पाहिला, आधी दुसरा आणि मग पहिला. उत्तर उणे १९ आलं. ते तिने कागदावर घ्यायचं की नाही असं मला विचारलं. मी म्हटलं, नको, चाचांच्या घरी कशाला उणे आकडा पाठवायचा.